शोमरोनी आणि दोन दीनार



विसोबा खेचर औंढ्याच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून निजले होते, ही कथा हिंगोलीकरांना आम्ही सांगावी असे नाही. पाय फिरवावे तिकडे पिंड दिसली, हे ऐकून कोणी पिंडी मोजायला जात नाही. कीर्तनकार पुढे अर्थ काय लावतो, तिकडे कान लागतात. प्राचीन ख्रिस्ती आचार्यांनीही शास्त्रवचने पुष्कळदा अशीच वाचली. वर अक्षरार्थ, पोटात गूढार्थ.

लूकच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायाचा दृष्टांत घ्या. यरुशलेमेहून यरीहोस उतरणाऱ्या माणसाला लुटारू अर्धमेला करून टाकतात. याजक बगल देऊन जातो, लेवीही जातो. यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवीत नसत, त्यांपैकी एक शोमरोनी मात्र थांबतो. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, तेथील माणसाला दोन दीनार देतो.

तिसऱ्या शतकात ओरिगेनने आणि पुढे संत ऑगस्टीनने (354–430) याचा उलगडा केला. घायाळ माणूस म्हणजे आदाम, अर्थात आपण सारेच. यरुशलेम स्वर्ग, उतारशाळा ख्रिस्तमंडळी, आणि शोमरोनी खुद्द ख्रिस्त. तो कसा? योहानाच्या शुभवर्तमानात विरोधक ख्रिस्ताला म्हणतात, तू शोमरोनी आहेस आणि तुला भूत लागले आहे. तो भूत नाकारतो, शोमरोनी असणे नाकारीत नाही. ऑगस्टीनने नेमके हे मौन टिपले, कारण हिब्रूत शोमेर म्हणजे राखणदार! मराठी बायबलात ‘शोमरोनी’ हेच रूप असल्याने हा धागा आपल्या कानांना चटकन सापडतो. फ्रान्समधील शार्त्रच्या चर्चमध्ये तेराव्या शतकाच्या आरंभी एका खिडकीच्या रंगीत काचांवर हा दृष्टांत आणि आदामाची कथा एकत्रच चितारली. वाचता न येणाऱ्यांनाही अर्थ कळला.

पण दोन दीनार? ओरिगेन म्हणतो, पिता आणि पुत्र. ऑगस्टीन म्हणतो, प्रीतीच्या दोन आज्ञा. येथे आम्ही जरा थबकतो. जॉन कॅल्विनने (1509–1564) तर अशा अर्थांना साफ नकार दिला. ऑगस्टीनला टाकून द्यावे असे आम्हांस वाटत नाही. स्वतः वाटेवर पडलेलो आहोत हे ज्याला उमगले, तो दुसऱ्याजवळ लवकर थांबेल. परंतु मूळ प्रश्न होता, माझा शेजारी कोण? आणि उत्तराच्या अखेरीस आज्ञा आहे, जा आणि तसेच कर. शोमरोन्याची भूमिका सर्वस्वी ख्रिस्ताकडे सोपवली, तर श्रोत्याला जखमी होऊन पडून राहण्याखेरीज काम उरत नाही. थॉमस अक्विनासने तेराव्या शतकातच बजावले होते की, सर्व गूढार्थांचा पाया अक्षरार्थच.

दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, हे मत्तयच्या विसाव्या अध्यायावरून कळते. म्हणजे दोन दिवसांची मजुरी. वर, अधिक लागल्यास परतताना देण्याचा शब्द. उतारशाळेवाल्याने ते औषधपाण्याचे पैसे म्हणूनच घेतले असतील.