कोबीच्या पानामागे

नवरात्र सरलं की परसबागेत आणि गच्चीवर कोबी लावायची लगबग सुरू होते. रोपवाटिकेतून आणलेली रोपं वाफ्यात, कुंडीत रुजतात, पानं रुंदावतात आणि मग एका सकाळी त्या पानांना भोकं दिसतात. त्याच सुमारास बागेत पांढरी-पिवळी फुलपाखरं भिरभिरत असतात, त्यामुळे संशय सरळ त्यांच्यावर जातो. म्हणून आज आधी मी त्यांची बाजू मांडणार आहे.

पंजाब-दिल्लीकडे हिवाळ्यात एक पांढरं फुलपाखरू खरोखरच कोबीवर येतं आणि पानावर पिवळ्या अंड्यांचे पुंजके घालतं. महाराष्ट्रातल्या बागांमध्ये दिसणाऱ्या बहुतेक पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या मात्र बहावा, टाकळा, वायवर्णा अशा झाडझाडोऱ्यावर वाढतात. कोबीशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. ती फुलांवर मधासाठी येतात. त्यांना हाकलू नका, मारू तर मुळीच नका.

आपल्याकडे कोबीचा खरा वैरी आहे एक पतंग. तो जेमतेम सेंटीमीटरभर लांब, राखाडी-तपकिरी रंगाचा असतो. पंख मिटून बसला की त्याच्या पाठीवर फिकट रंगाचे तीन चौकोन ओळीने दिसतात, म्हणून शेतकरी त्याला चौकोनी ठिपक्यांचा पतंग म्हणतात. तो दिवसा पानांच्या आड दडतो आणि तिन्हीसांजेला उडू लागतो. मादी बहुतेक पानाच्या खालच्या बाजूला, शिरेच्या कडेने बारीक पिवळसर अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी आधी पानाच्या आत शिरून पोखरते. नंतर ती बाहेर येते, खालून हिरवा भाग खरवडून खाते आणि वरचा पातळ पापुद्रा तेवढा शिल्लक ठेवते. पानावर असे पांढुरके पारदर्शक डाग दिसले की समजावं, अळी आली. तिला काडीने हळूच स्पर्श करा. वळवळत मागे सरकली आणि रेशमाच्या धाग्याला लोंबकळली, तर ओळख पक्की.

आणखी दोघींची ओळख हवी. एक अळी कोवळ्या रोपाचा शेंडाच खाते. मग गड्डा धरतच नाही, किंवा एकाऐवजी तीन-चार खुजे गड्डे फुटतात. दुसरी आहे तंबाखूवरही पडणारी पानं खाणारी अळी. हिची मादी शेकडो अंडी एका जागी घालून त्यांवर तपकिरी लव पसरते. लहान अळ्या एकाच पानावर घोळक्याने खातात. तेवढ्यात ते पान तोडलं तर सगळं कुटुंब हाती लागतं. मोठी झाली की हीच अळी दिवसा मातीत लपते आणि रात्री चरते. पानं खाल्लेली दिसतात, पण अळी सापडत नाही, अशा वेळी रात्री जेवणानंतर बॅटरी घेऊन रोपांजवळ जावं.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, मग एखादं जालीम औषध मारावं आणि मोकळं व्हावं. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचा इतिहास याच्या उलट सांगतो. पिकांवरच्या किडींपैकी डीडीटीला दाद न देणारी ही पहिली कीड. 1953 साली जावा बेटावर त्याची नोंद झाली. ऊन तापलं की याची एक पिढी दोन-तीन आठवड्यांत पुरी होते. प्रत्येक फवारणीतून तगलेल्यांचीच प्रजा पुढे वाढते. शिवाय विषाने आधी मरतात त्या अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या. फौजच मारल्यावर वैरी आणखी माजतो. शेकडो रोपं लावणाऱ्या शेतकऱ्याची अडचण मी समजू शकते. आपल्या घरी मात्र दहा-बारा रोपं असतात. तेवढ्यांना दोन डोळे आणि दोन हात पुरतात.

तेव्हा पहिला उपाय हाच. एक दिवसाआड प्रत्येक पान उलटून बघा. अंडी बोटाने पुसा, अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. रोप लहान असताना शेंडा आवर्जून तपासा.

दुसरा उपाय जाळीचा. काकडी-भोपळ्याला फळ धरण्यासाठी मधमाशी लागते. कोबीचा गड्डा म्हणजे नुसती पानं, त्याला परागीकरण लागत नाही. त्यामुळे लावणीपासून काढणीपर्यंत जाळी ठेवली तरी चालते. जुन्या मच्छरदाणीचं कापड बांबूच्या कामट्यांच्या कमानीवर ताणा. ते पानांना टेकू देऊ नका, नाहीतर मादी कापडाबाहेरूनच अंडी घालते. कडा मातीत दाबा. आणि झाकण्याआधी रोपं नीट तपासा. अंडी आत राहिली तर जाळी अळ्यांचीच राखण करेल.

तिसरा उपाय मोहरीचा. बंगळूरजवळच्या हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तो शेतात पारखून पाहिला. कोबीपेक्षा मोहरी या पतंगाला जास्त ओढते. कोबी लावण्याच्या 15 दिवस आधी मोहरीची एक ओळ पेरायची, लावणीनंतर 25 दिवसांनी दुसरी. कीड मोहरीवर गोळा होते, तिथेच ती संपवायची. घरी वाफ्याच्या कडेने किंवा शेजारच्या कुंडीत मूठभर मोहरी टाकली की झालं. मात्र तिच्याकडे लक्ष हवं. मोहरीवरच्या अळ्या तशाच राहिल्या तर तिथूनच पुढची पिढी कोबीवर येते.

एवढ्यानेही आवरलं नाही, तर निंबोळी अर्क. निंबोळीच्या गराची 50 ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, दुसऱ्या दिवशी फडक्यातून गाळा आणि त्यात थोडं साबणाचं पाणी घाला. कोबीच्या पानावर मेणाचा थर असतो, साबणाविना थेंब ओघळून जातात. फवारणी ऊन कलल्यावर करा, कारण उन्हाने अर्काची ताकद जाते. आणि पानाच्या खालच्या बाजूला करा, अळ्या तिथेच असतात. बीटी हे जिवाणूंपासून केलेलं औषधही लहान अळ्यांवर चालतं. पण तेही जपून वापरा. हवाई बेटांवरच्या शेतांत हा पतंग त्यालाही पुरून उरला, असं 1990 साली प्रसिद्ध झालं.

आता स्वयंपाकघरातल्या एका भीतीविषयी. कोबीतली अळी पोटात गेली की डोक्यात जंत होतो, असं अनेक घरांत मानतात आणि कोबीच बंद करतात. मेंदूत गाठ करणारा जंत वेगळा. त्याची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. ती माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून आणि मातीतून भाजीवर येतात. हिरव्या अळीचा त्याच्याशी संबंध नाही. बाहेरची पानं काढा, गड्डा चिरून मिठाच्या पाण्यात ठेवा म्हणजे लपलेल्या अळ्या वर येतील, मग वाहत्या पाण्याखाली धुऊन नीट शिजवा. घरच्या कोबीला आपण कुठलं पाणी घालतो, हे आपल्याला ठाऊक असतं. घरी पिकवण्याचा हा फार मोठा लाभ आहे.

शेवटचं काम काढणीनंतरचं. गड्डा कापल्यावर खोड आणि बाहेरची पानं तशीच सोडू नका, त्यांवर पतंगाची पैदास चालू राहते. ती उपटून खड्ड्यात मातीखाली गाडा. पुढच्या हंगामात त्या जागी कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा लावू नका. मेथी किंवा वाल लावा. आणि लावणी ऑक्टोबरातच उरकून घ्या. थंडीत या पतंगाची वाढ मंदावते, फेब्रुवारीत ऊन वाढू लागलं की ती झपाट्याने होते. ऊन वाढायच्या आत तुमचे गड्डे घरात आलेले असले, तर अर्धी लढाई लावणीच्या तारखेनेच जिंकलेली असेल.