पालखीबरोबर नागझरीपर्यंत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



श्रींच्या पालखीबरोबर मी पहिल्या दिवशी चालले, त्याविषयी बोल असे मंडळाने सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा ओट्यावर बसून बोलतो तसेच बोलते.

शेगावची पालखी ज्येष्ठात निघते हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. पारस, अकोला, परळी, अंबाजोगाई, सोलापूर असे करीत महिनाभराने ती पंढरपुरास पोचते. सातशे किलोमीटरांवरची वाट. संस्थानच्या वारकऱ्यांची नावे आधी नोंदलेली असतात. पांढरा पोशाख, टाळ, पताका, सारे शिस्तीत. आपल्यासारख्या घरच्या बायांच्या वाट्याला पहिला दिवस येतो, तोही नागझरीपर्यंतचा. पालखी परतते तेव्हा श्रावणात खामगावहून शेगावपर्यंत माणसांचा पूर लोटतो, त्यात आपण पुष्कळजणी असतो. निरोपाच्या दिवशी मात्र घरची कामे आड येतात. मीही दरवर्षी गावाबाहेरून परत फिरत असे. पुढे 2020 आणि 2021 साली करोनामुळे पायी वारीच झाली नाही. तेव्हा मनाशी ठरवले, आता पुढल्या वर्षावर ढकलायचे नाही. तरी निघायला 2024 साल उजाडले!

आदल्या रात्रीच पोळ्या करून ठेवल्या. डब्यात एक दिवस शिळी पोळी गेली तर कोणी आजारी पडत नाही, हे घरात सर्वांना कळले, हेही बरेच झाले. सासूबाई दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "पानी बेतानं पेजो व बाई, रस्त्यानं आडोसा नाही."

गावात दारोदार सडा, रांगोळ्या, ओवाळणे. टाळमृदंगाच्या आवाजात पाय आपोआप पडत होते. गाव सुटले आणि ऊन जाणवू लागले. ज्येष्ठातली आपली शेते तुम्ही पाहिलीच आहेत. वखरून ठेवलेली काळीभोर जमीन, पावसाची वाट पाहणारी. पराटी नाही, तूर नाही, कमरेइतकेही झाड नाही. रस्त्याकडेच्या निंबाखाली पुरुषमंडळी विसाव्याला बसलेली. लोक मोठ्या प्रेमाने पाण्याचे पेले पुढे करीत होते आणि आम्ही पाचजणी नुसते ओठ ओले करून पेला परत देत होतो.

अर्ध्या वाटेवर आमच्यातल्या एकीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ती मटकन खाली बसली. विचारले तर रात्रीपासून घोटभरही पाणी घेतलेले नाही. मीही सकाळी अर्धा कप चहावरच निघाले होते. जवळच्या गोठ्यातली एक म्हातारी आली. तिने काही विचारले नाही. आम्हांला गोठ्यामागे, तुराट्यांच्या कुडाआड नेले आणि स्वतः वाट अडवून उभी राहिली. मग मीठ-साखर घातलेले पाणी आम्ही तांब्या-तांब्या प्यालो. तिचे नाव विचारायचे राहिले, पण पुढची वाट कशी सरली ते कळले नाही.

नागझरीला गोमाजी महाराजांच्या समाधीचे दर्शन झाले, प्रसाद झाला. पालखी पारसच्या मुक्कामाला पुढे गेली. आम्ही टेम्पोची वाट पाहत रस्त्याला उभ्या होतो. टाळ ऐकू येत होते तोवर कोणी बोलले नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी पहिले विचारले, "पानी पेली का?" मी झालेली हकिगत सांगितली. तेव्हा कळले, तरुणपणी त्याच वाटेवर त्यांनाही भोवळ आली होती. इतक्या वर्षांत बोलल्या नाहीत. का, म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "हे का सांगाची गोष्ट आहे?"

मी इथे चारचौघींत सांगते आहे, त्याला कारण आहे. बंदोबस्त फार मोठा लागत नाही. आठ बांबू, चार जुनी लुगडी, आणि वाटेवर दोन ठिकाणी दोन-दोन बाया उभ्या. ज्यांना घर सोडता येत नाही त्यांनी चालणारीच्या घरचा एक वेळचा स्वयंपाक पाहावा. पुढल्या वर्षी पाळी बदलू. ज्या कोणाचे माहेर किंवा शेत त्या रस्त्याला असेल तिने आज चहाच्या वेळी मला भेटावे. बांबू आमच्या घरी आहेत, लुगडी तेवढी पाहिजेत.