एका 'एच'पायी गेलेलं वर्ष

(विद्यार्थी मेळाव्यातल्या भाषणाचा मजकूर)

माझं नाव ज्योती. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकले, बेळगावात इंजिनीअरिंग केलं आणि आता जर्मनीत मास्टर्स करतेय. सुट्टीला घरी आले तर इथले दादा म्हणाले, "व्हिसा कसा मिळाला ते पोरांना सांग की." सांगते. पण आधी माझं एक वर्ष कसं वाया गेलं ते सांगणार आहे, कारण ते तुमच्यापैकी कुणाचंही जाऊ शकतं.

वर्ष गेलं एका 'एच'पायी. दहावीच्या गुणपत्रिकेवर माझं नाव इंग्रजीत 'टीआय'वर संपतं. शाळेत गुरुजींनी तसं घातलं होतं. जन्मदाखल्यावर मात्र 'टीएचआय'. लिहिणाऱ्याने काही मुद्दाम केलं नव्हतं. दक्षिणेत 'त'साठी 'टीएच' लिहायची पद्धतच आहे. पुढे आधार जन्मदाखल्यावरून निघालं, पासपोर्ट आधारवरून. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, म्हणून मीही बघितलं नाही.

जर्मनीला शिकायला जायचं तर भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. तुमची दहावी, बारावी, पदवी खरी आहे की नाही हे ते तपासतात. त्याची फी १८,००० रुपये. २०२४ च्या मे महिन्यात मी ती फाइल लावायला बसले, गुणपत्रिका आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि पोटात गोळा आला. कागदावर आम्ही दोन वेगळ्या मुली होतो.

मग प्रतिज्ञापत्र, जन्मदाखल्याची दुरुस्ती, आधार, शेवटी पासपोर्ट पुन्हा काढणं. एक झाल्याशिवाय दुसरं होत नाही. तिकडच्या हिवाळी सत्रासाठी बऱ्याच विद्यापीठांची शेवटची तारीख १५ जुलै असते. ती गेली. वर्गातल्या दोघी गेल्या, मी घरी. आई कुणाला काही बोलली नाही. शेजारी विचारायच्या, "जायचं रद्द झालं काय गं?" तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन बसायची.

दुसऱ्या वर्षी कागद सरळ झाले, प्रवेश मिळाला. तेव्हा एक एजंट भेटला. म्हणाला, "तुझे मामा चंदगडला असतात ना? तिथला पत्ता दाखव, मुंबईतून काम करून देतो." इथं आपल्या भागाची खरी गोम आहे. अर्ज कुठल्या दूतावासाकडे जाणार हे तुम्ही राहता कुठं त्यावर ठरतं. कर्नाटकवाल्यांना बेंगळुरू; महाराष्ट्र आणि गोवावाल्यांना मुंबई. चंदगडची माझी मामेबहीण मुंबईला जाणार आणि तासाभराच्या अंतरावरची मी बेंगळुरूला. घरात बोलतो ती भाषा एकच, पण अर्जाला पत्ता लागतो, मातृभाषा नाही.

मी घरी विचारलं. आप्पा जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "ज्या घरात राहतीस त्याचाच पत्ता घाल. एका अक्षरानं वर्ष खाल्लंय, खोट्या पत्त्यानं काय खाईल?" एजंट सुटला. रात्रीच्या बसने बेंगळुरूला गेले, काम करून दुसऱ्या रात्री परत.

पैशाचं स्पष्ट सांगते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात मात्र आपल्यासारख्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. शिवाय वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी ठेवावे लागतात. रुपयात दहा लाखांच्या वर जातात. ते पैसे आपलेच असतात, तिथं गेल्यावर महिन्याला ९९२ युरो असे हातात येतात. पण आधी उभे करावे लागतातच. आमच्या घरी कर्ज काढलं. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, माझा शाळेचा दाखला मराठीत, गुणपत्रिका इंग्रजीत. बँकेतल्या साहेबांसमोर तिन्ही भाषांचे कागद पसरून आप्पा एकेक समजावत होते. कन्नड त्यांना चांगलं येतं, त्या दिवशी त्याचा फार उपयोग झाला.

उद्देशपत्रही एजंटने तयार दिलं होतं. त्यातली मुलगी लहानपणापासून जर्मन तंत्रज्ञानाने भारावलेली होती! मी ते फाडलं. आमच्या तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, पाऊस धो धो पडतो, तरी उन्हाळ्यात आमच्या वाडीला घागरी घेऊन फिरावं लागतं. मला पाण्याचं नियोजन शिकायचंय. एवढंच साध्या इंग्रजीत लिहिलं.

आणखी एक. पूर्वी व्हिसा नाकारला तर त्याच कचेरीकडे फेरविचार मागता यायचा. १ जुलै २०२५ पासून जर्मनीने ती सोय बंद केली. आता नव्याने अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात जायचं. म्हणून पहिलाच अर्ज नीट जायला हवा. नियम आणि रकमा बदलत असतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावरच बघा, माझ्यावर किंवा कुणाच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका.

आज घरी गेलात की एवढं करा. दहावीची गुणपत्रिका मध्ये ठेवा. भोवती जन्मदाखला, आधार, पासपोर्ट, पदवीचे कागद मांडा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. कुठं आडनाव गायब असेल, कुठं नुसतं आद्याक्षर. गावाच्या नावाला घाबरू नका. बेळगावचं बेळगावी २०१४ मध्ये सरकारनेच केलंय, ते सगळ्यांना माहीत आहे. माणसाच्या नावातला फरक मात्र लगेच दुरुस्तीला टाका. परदेशी जायचं नसलं तरी टाका. नोकरीला, कर्जाला, वारसाला तेच नाव लागणार आहे.

धाकट्या भावाचे कागद मी काल रात्री मांडले. तो बारावीला आहे. आप्पांच्या नावात एक 'एच' जास्त सापडला. सोमवारी अर्ज देतोय.