दाणा भरला नाही त्या वर्षी



नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या ख्रिस्तमंदिरांत खरीप हाती आलं की कापणीचा सण होतो. त्या रविवारी वेदीपुढची जागा आठवडेबाजारासारखी दिसते. बाजरीची कणसं, भोपळे, भुईमुगाच्या शेंगा, अंड्यांची टोपली, पाय बांधलेली कोंबडी. पाळकसाहेबांची प्रार्थना लांबली की नेमकी ती कोंबडी ओरडते. उपासनेनंतर आवारात या सगळ्याचा लिलाव पुकारतात. बाजारात चाळीस रुपयांना मिळणारा भोपळा इथं चारशेला जातो आणि घेणारा पुष्कळदा तो पुन्हा लिलावालाच ठेवतो. एरवी जुडीमागं दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी हीच माणसं!

एका वर्षी पावसानं ऐन दाणे भरायच्या वेळी दडी मारली. वेदीपुढं फारसं काही नव्हतं. एका मावशींनी बाजरीच्या सरमाडाची पेंढी आणून ठेवली. मागच्या रांगेतल्या पोरांना हसू आवरेना. मावशी वळून म्हणाल्या, "दाणा न्हाई भरला, पण वैरण झाली ना? म्हशीचं भागलं." लिलावात ती पेंढी एका मास्तरांनी घेतली. मास्तरांच्या दारात साधी शेळीसुद्धा नव्हती. पेंढी शेवटी कुणाच्या गोठ्यात गेली असेल, ते सांगायला नको.

आमच्या प्रार्थनासभांतल्या साक्षी बहुधा ठळक गोष्टींच्या असतात. मुलाला नोकरी लागली, ऑपरेशन पार पडलं, कोर्टाचा निकाल बाजूनं लागला. त्यात वावगं काही नाही. पण वैरणीची साक्ष मी क्वचितच ऐकली. आणि जेवणाआधीची प्रार्थना? ती भाजी निवायच्या आत उरकायची.

जर्मनीत सॅक्सनी प्रांतातल्या आयलेनबुर्ग गावी मार्टिन रिंकार्ट नावाचा पाळक होता. त्यानं घरच्या जेवणासाठी एक छोटी आभाराची प्रार्थना रचली. पुढं तीच जगभर गायिली जाणारी उपकारस्तुती झाली. तीस वर्षांच्या युद्धाचा तो काळ. तटबंदीच्या आत आसऱ्याला आलेल्या माणसांची दाटी, आणि 1637 साली प्लेगची साथ. रिंकार्टनं त्या वर्षी चार हजारांहून अधिक माणसांना माती दिली. त्यांत त्याची बायकोही होती. ही स्तुती त्यानं साथीतच लिहिली असं पुष्कळदा सांगतात, पण ती बहुधा आधीची आहे. मला तर त्यामुळं ती जास्त जड वाटते. लिहिली बऱ्या दिवसांत, आणि मग त्या वर्षी दफनविधी आटोपून घरी आल्यावर, एक जागा रिकामी असलेल्या पंगतीत, ती म्हणायची पाळी आली.

लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. दहा जण वाटेतच बरे झाले, आभार मानायला परतला एकच, आणि तोही शोमरोनी. त्या नऊ जणांना आम्ही व्यासपीठावरून फार झोडपतो. खरं पाहता, जा आणि स्वतःला याजकांना दाखवा, हे त्यांना येशूनंच सांगितलं होतं. ते सांगितल्या कामालाच निघाले होते. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणं शुद्धीचा तो विधी आठवडाभर चालायचा: दोन पाखरं, मुंडण, अंघोळी, आठव्या दिवशी अर्पणं. शिवाय कित्येक दिवसांनी घरचं दार दिसणार होतं. आपलंही असंच होतं. कृतघ्न कुणी नसतो, हातात काम असतं.

त्या नवांपैकी एखाददुसरा आठ दिवसांनी सगळं उरकून येशूला शोधत आलाही असेल. पण येशू यरुशलेमेच्या वाटेवर होता, तो तोवर पुढच्या गावी गेलेला असणार.