खाली पडलेला चिमटा



परळच्या प्लेग प्रयोगशाळेत तयार झालेली शास्त्रज्ञ हाफकिन यांची प्लेगवरची लस ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात टोचली गेली. एकाच बाटलीतून लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले आणि त्यांचे निर्दोषत्व मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. पुराव्यातून पुढे आलेली गोष्ट अगदी छोटी होती. बाटलीचे बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो पुन्हा वापरला गेला. अशा क्षणी ‘थांबा, ही बाटली बाजूला ठेवा’ असे म्हणण्याचे काम कोणाचे? सव्वाशे वर्षांनंतर आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपुढे हाच प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की, त्याचे उत्तर संसर्ग नियंत्रणासाठी नेमलेल्या एका माणसाच्या नावानेच देता येते.

नियमांची आपल्याकडे वाण नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम २०१६ चे आहेत, संसर्ग प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शिका २०२० ची आहे, ‘कायाकल्प’ या स्वच्छता योजनेची तपासणी २०१५ पासून चालू आहे. तपासणीच्या आधी आठ दिवस केंद्र लखलखते. नंतर क्लोरीनचे द्रावण रोज ताजे करायचे की कालचेच चालवायचे, हे त्या दिवशी कोण कामावर आहे त्यावर ठरते. लसीची बाटली फोडल्याची वेळ तिच्यावर लिहायची असते, कारण गोवर-रुबेलाची विरघळवलेली लस चार तासांनंतर वापरता येत नाही. ती वेळ लिहिली नसेल, तर साडेचार तासांनी आलेल्या बाळाला आपण काय टोचतो, हे कोणालाच सांगता येणार नाही. सगळ्यांची जबाबदारी म्हटली की ती कोणाचीच उरत नाही. अमेरिकेत सत्तरच्या दशकात रुग्णालयांचा मोठा अभ्यास झाला. जेथे दर २५० खाटांमागे संसर्ग नियंत्रणाची एक परिचारिका, प्रशिक्षित डॉक्टर आणि नियमित पाहणी होती, तेथे संसर्ग ३२ टक्क्यांनी घटला. ज्या रुग्णालयांत अशी व्यवस्था नव्हती, तेथे तो १८ टक्क्यांनी वाढला.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, ती मोठी रुग्णालये, आपली केंद्रे जेमतेम सहा खाटांची. पण संसर्ग खाटा मोजत नाही. २००९ साली गुजरातेत मोडाशाच्या परिसरात कावीळ-ब ची साथ आली आणि ८० हून अधिक माणसे गेली. तपासाचा रोख पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुया-सिरिंजांकडे होता आणि त्या छोट्या खासगी दवाखान्यांतल्या होत्या. आपल्याकडे अडचण आणखी एक आहे. सोयगावच्या बाजूची बाळंतीण केंद्रातून सिल्लोडला आणि तेथून घाटी या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येते. केंद्र जिल्हा परिषदेचे, उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाची. ताप घाटीत चढतो, पण तो कोठल्या टेबलावर सुरू झाला असेल, ही बातमी परत केंद्रापर्यंत पोचायला वाटच नाही. केंद्रात नाव ठरलेला माणूस असेल, तर घाटीतून फोन कोणाला करायचा हे तरी कळेल.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. पदे रिकामी आहेत, आहेत त्यांच्या डोक्यावर नोंदवह्यांचा ढीग आहे, मग माणूस आणायचा कोठून? म्हणून प्रत्येक केंद्रासाठी नवे पद मी मागत नाही. तालुक्याला एक पूर्णवेळ प्रशिक्षित परिचारिका द्यावी. केंद्रात आरोग्य सहाय्यिका किंवा अनुभवी परिचारिका यांच्यापैकी एकीला लेखी आदेशाने संसर्ग नियंत्रणाचे काम द्यावे, आठवड्यातले काही तास त्यासाठी मोकळे ठेवावेत आणि त्या बदल्यात तिची एक तरी नोंदवही कमी करावी. वैद्यकीय अधिकाऱ्याकडे हे काम देऊ नये. बैठकांसाठी त्याला वारंवार बाहेर जावे लागते. ऑटोक्लेव्हच्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या नसतील, तर तो ट्रे परत पाठवण्याचा अधिकार मात्र तिला हवा, समोर साहेब असले तरी. हा अधिकार नसेल, तर नेमणूक कागदावरच राहील.

काही सहकारी म्हणतात, नळालाच पाणी नाही, तेथे हात धुण्यावर माणूस नेमून काय होणार? मराठवाड्यात हा प्रश्न टाळता येत नाही. पण प्रसूतीच्या खोलीत किती दिवस पाणी नव्हते, याची तारखेनिशी नोंद कोणी ठेवली, तरच रुग्ण कल्याण समितीपुढे टाकीचा खर्च ठामपणे मांडता येतो. सफाई कामगाराला हातमोजे मिळाले की नाही, सुई टोचल्यावर त्याला औषध वेळेत दिले का, हेही कोणीतरी विचारले पाहिजे. आज त्याची विचारपूस कोणीच करत नाही, हे मला सर्वांत अधिक खुपते.

प्रत्येक केंद्रातील या नेमणुकीचा ठराव खुल्या अधिवेशनात आपल्यापुढे येईल. तो एकमताने मंजूर करून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवावा आणि केंद्रावर परतल्यावर आदेशाची वाट न पाहता या कामासाठी एक नाव ठरवून फलकावर लिहावे, ही माझी आपल्याला विनंती आहे.