रिपोर्टवर 'बीआरएएफ' लिहिलंय, मग पुढे काय?

राळेगणसिद्धीहून आजचा एपिसोड. मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण आजचा विषयही कोडचाच आहे, पेशीतल्या.

थायरॉइड कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो पॅपिलरी प्रकार. त्यातल्या बऱ्याच पेशंटमध्ये 'बीआरएएफ व्ही६००ई' हा बदल सापडतो. म्हणजे काय, तर जनुकात १७९९व्या जागी 'टी'ऐवजी 'ए' आलेलं असतं. एवढ्या एका अक्षराने पेशीला 'वाढ' सांगणारा स्विच चालूच राहतो. शिवाय अशा पेशी आयोडीन कमी ओढतात. मुंबईत परळला १९६३ साली सुरू झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये किरणोत्सारी आयोडीनचे उपचार होतात, त्यांची सगळी भिस्त या ओढण्यावरच असते.

पण लगेच घाबरू नका. एकटा हा बदल असलेले बहुतेक पेशंट ऑपरेशननंतर चांगले जगतात. सोबत 'टर्ट' जनुकही बिघडलेलं असेल, तर मात्र कॅन्सर परत येण्याचा आणि जिवाचा धोका बराच वाढतो.

मेड्युलरी प्रकाराचं गणित वेगळं. त्यात 'रेट' जनुकातला बदल जन्मजात असेल, तर तो प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता ५० टक्के. रक्त तपासून तो आधीच कळतो, आणि थायरॉइड वेळेत काढली तर कॅन्सर टाळताही येतो.

म्हणून घरात कुणाला हा आजार असेल, तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराच: प्रकार कोणता? जनुकात बदल कोणता? भावंडांची, मुलांची तपासणी करायची का?

भेटू पुढच्या एपिसोडला!