यंत्राची रोजनिशी आणि तिची रद्दी



पस्तीस वर्षें शाळेंत हजेरीपट भरण्यांत घालविलेल्या माणसानें संगणकाविषयीं बोलावें, हें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु माझा पुतण्या एका पेढीच्या संगणकगृहांत रात्रपाळी करतो, आणि त्याच्या तोंडून त्या कामाची हकीकत ऐकतांना मला वारंवार आमच्या शाळेचें कपाट आठवलें. म्हणून हें धाडस.

मोठ्या पेढ्यांचे हिशेब ज्या यंत्रावर चालतात त्यास मेनफ्रेम म्हणतात. आयबीएम कंपनीनें ७ एप्रिल १९६४ रोजीं सिस्टिम/३६० हें यंत्र जाहीर केलें. तिचीं आजचीं मेनफ्रेम यंत्रें त्याच घराण्यांतलीं. हें यंत्र नुसतें काम करून थांबत नाहीं, केलेल्या कामाची नोंदहि ठेवतें. या व्यवस्थेचें नांव एसएमएफ. नोंदींना प्रकारानुसार क्रमांक असतात : ३० क्रमांकाच्या नोंदींत कोणत्या कामानें यंत्राचा किती वेळ खाल्ला तें कळतें, तर ८० क्रमांकाच्या नोंदींत सुरक्षिततेची हकीकत, म्हणजे कोणीं कोणत्या बंद दारावर हात ठेवला, तें.

जुन्या रीतीप्रमाणें या नोंदींसाठीं डिस्कवर ठरावीक आकाराच्या कांहीं वह्या आंखून दिलेल्या असतात. एक भरली कीं यंत्र दुसरी उघडतें; भरलेल्या वहीची नक्कल अन्यत्र काढून ती कोरी करून ठेवणें, हें माणसाचें अथवा त्यानें नेमलेल्या आज्ञावलीचें काम. तें राहून गेलें आणि साऱ्याच वह्या भरल्या, तर? येथें मला मोठी मौज वाटली. चालकांस आधींच सांगून ठेवतां येतें : नोंदी बुडाल्या तरी चालतील, फक्त सूचना द्या, किंवा नोंद होत नसेल तर सारें यंत्रच थांबवा. दुसरा पर्याय निवडणारा मनुष्य जुन्या कारकुनांच्या वळणाचा असावा. मला तो आवडला.

मेनफ्रेमवर नजर ठेवण्यास निराळा सर्व्हर असतो. पुतण्याचें काम त्याच्यापाशीं. या पहारेकऱ्याचीहि स्वतःची रोजनिशी, म्हणजे लॉग, वाढत असते. आणि एके रात्रीं त्याचीच डिस्क भरली. पडदा हिरवा दिसत होता. सर्व ठीक होतें म्हणून नव्हे, तर नवी बातमीच येत नव्हती म्हणून. सोबतच्या नवख्या मुलानें घाईघाईनें सर्वांत मोठी लॉग फाईल पुसली. तरी जागा कणभर वाढेना! लिनक्ससारख्या व्यवस्थेंत फाईल पुसणें म्हणजे यादींतून तिचें नांव खोडणें. जोंवर एखादी आज्ञावली ती उघडून बसली आहे, तोंवर तिनें व्यापलेली जागा सुटत नाहीं. यादींतून वहीचें नांव गेलें, वही मात्र कारकुनाच्या हातांतच, आणि तो लिहितोच आहे! शेवटीं ती आज्ञावली बंद करून पुन्हां चालू केली, तेव्हां जागा मोकळी झाली. आणि बिघाड कोठून सुरू झाला याची एकमेव नोंदहि तिच्याबरोबर गेली. बंद करण्यापूर्वीं त्या उघड्या वहीची नक्कल काढतां आली असती, हें पुतण्यास सकाळीं सुचलें.

हें ऐकून मी गप्प बसलों. सेवानिवृत्तीच्या दोन वर्षें आधीं, कपाटांत जागा नाहीं म्हणून, मीं जुने हजेरीपट रद्दींत घातले होते. जनरल रजिस्टर तेवढें ठेवलें; तें कायमचें जपावयाचें असतें हें मला ठाऊक होतें. हजेरीपटांची मुदत संपलेली होती. नियमानें मी चुकलों नव्हतों. सहा महिन्यांनीं एक जुना विद्यार्थी आला. वडिलोपार्जित घराच्या वादांत अमुक वर्षीं आपण गांवींच राहत होतों, हें त्याला दाखवावयाचें होतें. रजिस्टरांत त्याचें नांव होतें, त्या वर्षाची हजेरी कोठेंच नव्हती. तो कांहीं बोलला नाहीं; हात जोडून निघून गेला.

आतां त्या संगणकगृहांत डिस्क ऐंशी टक्के भरतांच इशारा मिळतो. लॉग रोज नव्या फाईलींत सुरू होते. जुनी दाबून लहान केली जाते, आणि तींच तींच वाक्यें पुन्हां येत असल्यामुळें ती पुष्कळच लहान होते. मग नक्कल दुसऱ्या यंत्रावर जाते, ती उघडून पाहिली जाते, आणि त्यानंतरच मूळ पुसतात. कोणती नोंद किती दिवस ठेवावी हें रात्रपाळीच्या मुलानें ठरवावयाचें नाहीं. हिशेबतपासनिसांस आधीं विचारावयाचें, असा नियम झाला आहे.

तो नियम सांगून पुतण्यानें परवां मला सहज विचारलें, "काका, तुम्हीं विचारलें होतें का कोणास?"

नव्हतें विचारलें.